आईला सुट्टी कोण देणार?

'टाटाला नेलंय.' अकोला-अमरावतीकडे एवढं म्हटलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही. काय झालंय ते त्याला कळलेलं असतं. मग रिपोर्टांची जाडजूड फाइल, रात्रीची गाडी, परळचे हेलपाटे... आणि एके दिवशी डॉक्टर शांतपणे सांगतात, आता घरी न्या, त्रास होऊ नये एवढं बघू. ही झाली पॅलिएटिव्ह केअर. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, भीती कमी करायची. खरं तर ही काळजी उपचार चालू असतानाच सुरू व्हायला हवी, पण आपल्याकडे ती बहुधा इथूनच सुरू होते.

आणि इथूनच घरातल्या एका माणसाची ड्यूटी लागते. चोवीस तास, वीकली ऑफ नाही, एचआर नाही, अप्रेझल तर नाहीच नाही. बहुतेक घरांत हे माणूस म्हणजे आई.

तुम्ही असता हिंजवडीत. रात्री नऊला फोन लावता. 'आबाजी जेवले का? गोळी दिली? झोप लागली?' सगळे प्रश्न आबाजींचे. कधी चुकून 'आणि तू कशी आहेस?' विचारलंत तर उत्तर ठरलेलं. 'मले काय होते बापा, मी बरी आहो.' दोस्तहो, वऱ्हाडात यापेक्षा मोठी थाप दुसरी नसेल!

पेशंटसोबत आलेल्या माणसाचंही काहीतरी बघायला हवं, हे आपल्या मातीला नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. स्वतः झाडाखाली झोपले, पण मुंबईत दवाखान्यात आलेल्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा व्हाव्यात म्हणून झटले. ते १९५६ मध्ये गेले. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, त्यात आपल्याकडचेही असतातच. डोक्यावर छप्पर मिळालं. डोक्यातल्या गोंधळाचं काय?

तर त्यासाठी एक फंडा आहे, आर्ट थेरपी. नाव ऐकून नाक मुरडू नका. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार टीबीमुळे सॅनिटोरियममध्ये पडून होता, तिथे तो चित्रं काढत राहिला. १९४२ मध्ये हे नाव त्यानंच दिलं. चित्र चांगलं येणं हा मुद्दाच नसतो. जे बोलता येत नाही ते रंगातून, मातीतून बाहेर येऊ द्यायचं आणि सोबत प्रशिक्षित थेरपिस्ट असतो. 'सासऱ्यांचं करून करून जीव विटला' हे वाक्य आपल्याकडची कुठली सून तोंडातून काढेल? आणि काढलंच तर रात्रभर स्वतःलाच कोसेल. कागदावर काळा रंग फासला तर मात्र कोणी जाब विचारत नाही.

थोडा डेटा, कारण तुम्हाला डेटा लागतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं. आधी कधी ब्रश धरला होता की नाही, यानं फरक पडला नाही. मग २०१९ मध्ये त्यांच्याच गटाचा अभ्यास आला, तो थेट आपल्या विषयाचा. कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या विभागातले कर्मचारी आणि पेशंटचे नातेवाईक, मिळून ३४ जण. काहींनी थेरपिस्टसोबत चित्रं काढली, काहींनी नुसतं छापील चित्रांत रंग भरले. तेही ४५ मिनिटंच. चिंता, ताण, थकल्याची भावना दोन्ही गटांत कमी झाली.

माणसं थोडी आहेत, परिणाम किती दिवस टिकतो हा वेगळाच प्रश्न, त्यामुळे लगेच 'चमत्कार' म्हणून फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. पण नुसत्या रंग भरण्यानंही बरं वाटलं, ही गोष्ट अकोल्याच्या घरासाठी लाखमोलाची आहे. थेरपिस्ट काही प्रत्येक गल्लीत मिळत नाही. रंगपेटी मिळते.

आणि रंगपेटीच कशाला? माझं स्पष्ट मत आहे, मॉलमधल्या महागड्या कलरिंग बुकाआधी आईच्या हातांना आधीच काय येतं ते बघा. ठिपक्यांची रांगोळी. जुन्या लुगड्यांची वाकळ. क्रोशाचे रुमाल. भुलाबाईची सजावट, जी तिनं लग्नाआधी शेवटची केली असेल. रांगोळी तर मला यात नंबर वन वाटते. काढायची, बघायची, सकाळी झाडून टाकायची. कुणी मार्क देत नाही, कुणी फ्रेम करत नाही. आजारपणाच्या घरात मात्र अंगणातली रांगोळी सगळ्यात आधी बंद होते, कारण 'वेळ कुठाय?'

खरी गोची इथेच आहे. रंग स्वस्त आहेत, ४५ मिनिटं महाग. आबाजींना कूस बदलून कोण देईल, हाक मारली तर ओ कोण देईल? आई रंग घेऊन बसली आणि कान आतल्या खोलीकडे, तर हात चालेल, मन सुटणार नाही. म्हणजे थेरपीचं पहिलं साहित्य रंग नाही, दुसरं माणूस आहे. ते म्हणजे तुम्ही, तुमची बहीण, काका, शेजारचा रिकामटेकडा भाचा, कुणीही. डायपर बदलायला शिका, औषधाच्या वेळा लिहून घ्या. नुसते पैसे पाठवणारा मुलगा यात बसत नाही, सॉरी.

आणि एक. तिला आठवडेच्या आठवडे झोप नाही, सारखं रडू येतंय, जेवण सुटलंय, 'मी तरी कशाला जगू' असं बोलतेय, तर रांगोळीवर भागवू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.

येत्या वीकएंडला घरी जाताय ना? रंगांचा डबा न्या. ती म्हणेल, 'हे काय पोरखेळ?' म्हणू द्या. डबा टेबलावर ठेवा, तुम्ही आबाजींजवळ जाऊन बसा आणि जाताना मधलं दार ओढून घ्या.