गावाची गणना आणि गावातील आपली जागा

एखाद्या लहान शहराची ओळख सांगताना आपण त्याची नदी, बाजारपेठ, जुनी शाळा, यात्रा यांचा उल्लेख करतो. शासनाचे दप्तर तीच ओळख तक्त्यांतून सांगते. एका तक्त्यात एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, साक्षर, अनुसूचित जाती व जमाती यांचे आकडे असतात. दुसऱ्यात धर्मवार संख्या. हे तक्ते आता नव्याने भरले जाणार आहेत. येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद होणार आहे. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, २० मार्च २०२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. या दोन तारखा इतक्या जवळ येणे हा योगायोग असला, तरी त्यांचा एकत्रित विचार करणे आपल्या हिताचे आहे.

गावात निरनिराळे लोक राहतात, याचा अर्थ त्यांचे रक्त निराळे असते काय? हा प्रश्न जनगणनेच्या इतिहासातच दडलेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जात म्हणजे वंश असे मानले आणि माणसाच्या नाकाच्या मापावरून त्याची सामाजिक पायरी ठरते, असा सिद्धान्त मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हीच मापे हाती घेतली आणि ती खरी मानली तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवून दिले. गावाच्या दोन टोकांना राहणारी माणसे वंशाने भिन्न नव्हती. त्यांना भिन्न ठेवणारी गोष्ट शरीरात नव्हती, ती गावाच्या रचनेत होती. आणि रचना माणसाने केलेली असल्यामुळे माणसाला ती बदलता येते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे महाड. सावित्री नदीच्या काठची ही लहानशी व्यापारी पेठ. सवर्ण हिंदू, मुसलमान, अस्पृश्य अशी संमिश्र वस्ती. तक्त्याच्या भाषेत बोलायचे, तर अनेक जातिधर्मांचे एक नमुनेदार गाव. परंतु चवदार तळ्याचे पाणी सवर्ण हिंदू भरत, मुसलमान भरत, जनावरेही पीत. अस्पृश्यांना मात्र ते वर्ज्य होते. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सर्व सुरळीत झाले. प्रत्यक्षात कोणी अस्पृश्य तळ्याकडे फिरकू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आलेले लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढे त्यांच्यावर हल्ला झाला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयात अखेरचा निर्णय आपल्या बाजूने लागण्यास मार्च १९३७ उजाडावा लागला.

त्याच महाडने दुसरीही एक गोष्ट शिकवली आहे. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजात जन्मलेले कार्यकर्ते बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. तक्त्यातील रकाने माणसाची जागा सांगतात. त्याची भूमिका सांगत नाहीत. म्हणून गावाच्या लोकसंख्येची घडण वाचताना ‘कोण किती’ याबरोबर ‘कोण कोठे आणि कोणाच्या बाजूने’ हेही विचारले पाहिजे.

आज काय स्थिती आहे? महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु नाव बदलले म्हणून वस्तीची जागा बदलत नाही. पाटीवर समतानगर आले, तरी नळाचे पाणी तेथे शेवटी पोहोचत असेल, गटार उघडे असेल आणि डांबरी रस्ता अलीकडच्या वळणावरच संपत असेल, तर ती पाटी म्हणजे १९२४ चा ठरावच होय. हे अंतर दाखवून देण्यासाठी आपल्याजवळ आकडा लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-टी प्रमाणे नगरपालिकेतील अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवल्या जातात. लहान शहरात प्रभाग लहान असतात. तेथे शे-दोनशे माणसांची नोंद इकडची तिकडे झाली, तर एखादी जागा राहते किंवा जाते.

आणि नेमके येथेच आपले पाऊल घसरते. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे हे आकड्यांतील प्रतिबिंब. २०११ साली राज्यात सुमारे ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. मात्र अनुसूचित जातींत नोंद झालेल्या बौद्धांची संख्या सुमारे ५२ लाख होती. म्हणजे जवळजवळ तेरा लाख बौद्ध, पाचांतील एक, अनुसूचित जातींच्या गणनेत नाहीत. यांतील काही कुटुंबे मुळात त्या जातींतील नसतील, हे मान्य. पण फार मोठा भाग धर्माच्या आणि जातीच्याही रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणाऱ्यांचा असावा, असे माझे मत आहे. याच्या उलट, सवलत जाईल या भीतीने धर्मच ‘हिंदू’ लिहिणारी घरेही आहेत. ती या पासष्ट लाखांतही आलेली नाहीत.

दुसरी भीती निराधार आहे. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे. धर्म ‘बौद्ध’ लिहिल्याने केंद्राची वा राज्याची अनुसूचित जातीची मान्यता जात नाही. पहिला आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ज्यांच्या आईवडिलांनी जातीची कामे सोडून उपासमार पत्करली, त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने जातीचे नाव का लिहावे? हे धम्माशी प्रतारणा करणे नव्हे काय?

माझे उत्तर नम्रपणे असे आहे. धर्माचा रकाना आपण कोण आहोत हे सांगतो. तेथे ‘बौद्ध’ याशिवाय दुसरा शब्द येऊ नये. जातीचा रकाना समाजाने आपल्याला कोठे ठेवले होते हे सांगतो. ती आपली श्रद्धा नव्हे, आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. धम्म आपल्याला वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहायला शिकवतो. दुःख आहे हे मान्य केल्याखेरीज त्याच्या कारणाकडे जाता येत नाही. प्रभागातील अनुसूचित जातींचा आकडा आपल्याच हाताने घटवून आपण जात नष्ट करत नाही. केवळ तिचा पुरावा नष्ट करतो. ज्या दिवशी वस्ती कोठे आहे यावरून जात ओळखता येणार नाही, त्या दिवशी तो रकाना आपण आनंदाने रिकामा सोडू.

आपली गणना आपल्यापुरती पाहून भागणार नाही. महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तेथील कातकरी बांधव दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर परगावी जातात. गणना फेब्रुवारीत होईल तेव्हा त्यांच्या झोपड्या बंद असतील. पालांवर राहणाऱ्या भटक्यांची स्थिती वेगळी नाही. गावाच्या तक्त्यात जो नाही, त्याच्या वाट्याला ना अंगणवाडी येते, ना पाण्याची टाकी. महाडला आपल्यासाठी दुसऱ्या कोणी जमीन दिली होती. आज कोणाच्या नोंदीसाठी दोन दिवस देणे, ही त्या ऋणाची परतफेड ठरेल.

या वसतिगृहात निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली मुले एका पंगतीत जेवली, एका माठातील पाणी प्यायली. येथून बाहेर पडलेले कित्येक माजी विद्यार्थी आज शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका आहेत. काहींच्या हाती प्रगणकाचे काम येईल. त्यांना आणि सर्व पालकांना माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत गणनेपूर्वी बैठक घ्या. धर्म ‘बौद्ध’ आणि जात अनुसूचीत आहे तीच लिहावी, हे समजावून सांगा. जे परगावी आहेत त्यांची त्या ठिकाणी नोंद होते की नाही, हे पाहा. आणि पुढे आकडे जाहीर होतील तेव्हा ते वर्तमानपत्रात वाचून ठेवून देऊ नका. आपल्या प्रभागाचा आकडा घेऊन नगरपालिकेत जा आणि पाणी, रस्ता, शाळा यांचा हिशेब मागा. शंभर वर्षांपूर्वी आपले पूर्वज तळ्यापर्यंत चालत गेले. आपल्याला नगरपालिकेच्या कचेरीपर्यंतच जायचे आहे.