रुपयातला एक आणा

आमच्या परभणीच्या वस्तीत कुणाच्या दारी नवी वस्तू आली की शेजारच्या घरात चहाबरोबर तोच विषय निघतो. काही वर्षांपूर्वी मीही भुललो आणि हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पहिला महिना गावभर मिरवलो. पुढे पगाराच्या दिवशी गाडी नव्हे, हप्ताच आठवू लागला. त्याच दिवसांत कामासाठी आलेल्या एकाने फाईलखाली पाकीट सरकवले. हात क्षणभर थांबला. पाकीट परत केले, पण मन का डगमगले ते मला ठाऊक होते.

बंधुभगिनींनो, धम्म आपल्याला दरिद्री राहायला सांगत नाही. धर्माने गरिबीला पवित्र ठरवू नये, असे बाबासाहेबांनी १९५० च्या लेखात स्पष्ट लिहिले. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली : कष्टाने, सन्मार्गाने मिळवलेले धन असणे, ते उपभोगून त्यातून सत्कर्म करणे, कर्ज नसणे आणि निर्दोष वर्तन. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही बरोबरी करीत नाहीत, असे ते म्हणाले. आम्हा कारकुनांच्या हिशेबात, रुपयात एक आणासुद्धा नाही!

शेवटचा हप्ता फिटला त्या रात्री शांत झोप लागली. गाडी आता जुनी झाली. पाकीट परत केल्याचे समाधान मात्र अजून नवेच आहे. तेव्हा घरात वस्तू जरूर आणा, पण आधी मुलांदेखत एकमेकांना विचारा : हिच्यापायी कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही ना?