हुलकावणीचा बादशहा

कबड्डीत चढाई करताना तुम्ही डावीकडे हूल देता आणि उजवीकडचा गडी टिपता, हो ना? हाच प्रकार कुणी ठोसे-लाथांच्या पिंजऱ्यात केला तर?

ब्राझीलचा अँडरसन सिल्वा नेमकं हेच करायचा. खेळ मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा. म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, कराटे, सगळ्याची मिसळच म्हणा ना! २००६ ते २०१३ या काळात यूएफसी स्पर्धेत सिल्वा ओळीनं १६ लढती जिंकला.

८ ऑगस्ट २००९, फिलाडेल्फिया. समोर फॉरेस्ट ग्रिफिन, वरच्या वजनगटाचा माजी विजेता. आणि सिल्वानं काय करावं? हात चक्क खाली सोडले! ग्रिफिन ठोशांवर ठोसे मारतोय, हा नुसती मान हलवतोय. ग्रिफिनचे हात हवेतच. शेवटी मागे सरकता सरकता सिल्वानं उजव्या हाताचा एक साधा ठोसा ठेवून दिला आणि ग्रिफिन आडवा! पहिली फेरीसुद्धा पुरी झाली नव्हती.

यात जादू कसली? बघा हं. ठोसा इतका झटपट येतो की तो दिसल्यावर हलायचं म्हटलं तर उशीरच होतो. म्हणून चांगला लढवय्या मुठीकडे बघतच नाही. खांदा, कंबर, पाऊल यांवरून तो आधीच ओळखतो. शिवाय सिल्वा हातभर लांब उभा राहायचा. मारायचं तर समोरच्यानं पुढे झेपावलं पाहिजे. नेम चुकला की त्याचा तोल जाणार, आणि पुढे येणाऱ्या तोंडावर बसलेला ठोसा दुप्पट लागणार.

पण या युक्तीत एक भोक आहे. पाय न हलवता कमरेतून मागे झुकलात, की आणखी मागे जायला जागाच उरत नाही. ६ जुलै २०१३ ला लास व्हेगासमध्ये ख्रिस वाइडमननं तेच हेरलं. सिल्वा नेहमीसारखा चिडवत होता. दुसऱ्या फेरीत तर त्यानं पाय लटपटल्याचं सोंगही केलं! वाइडमन बधला नाही. त्याचा उजव्या हाताचा ठोसा हुकला. तोच हात त्यानं उलटा फिरवला, तोही हुकला. एवढ्यात सिल्वा पुरता मागे वाकलेला, पाय जागीच. मग आला डावा हात. सिल्वा कोसळला, किताबही गेला. अनेकांना वाटलं, हेही सोंगच! (मला विचाराल तर चिडवण्यापेक्षा त्या जागच्या जागी राहिलेल्या पायांनीच घात केला.)

म्हातारपणी तरी हा गडी सुधारला असेल? छे! जून २०२१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो मेक्सिकोत बॉक्सिंगच्या रिंगणात उतरला. समोर माजी जगज्जेता हुलिओ सेझार चावेझ ज्युनिअर. दोराला टेकून सिल्वानं पुन्हा तीच मान हलवली, आणि लढत जिंकली.