कुत्रा कोणाचा?

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून आपली दिवाळी सुरू होते. पोळ्याला बैल झुलीत मिरवतो, नागपंचमीला नागाला दूध दाखवतात. खंडोबाच्या आणि दत्तगुरूंच्या पायाशी कुत्रा बसलेला आहे, पण आपल्या पंचांगात त्याच्या नावाचा सण नाही. उलट दिवाळी म्हणजे त्याच्या जिवाचा थरकाप. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिली लड वाजली की बांधलेले कुत्रे दावे तोडून सुटते, वाट फुटेल तिकडे पळते आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी गल्लीत बिथरलेले सापडते. अशा जनावरासमोर फुसके फटाके वेचणारे एखादे लेकरू आले, की व्हायचे ते होते.

मग आपल्या दारव्ह्यात पहिला प्रश्न विचारला जातो: कुत्रा कोणाचा? आणि ज्या अंगणात तो रोज झोपतो, ज्या घरची शिळी भाकर खातो, ज्या घराने त्याला मोती किंवा वाघ्या म्हणून हाक मारली, तिथूनच उत्तर येते, "आमचा नाही जी तो, असाच येते भाकर खायले." कालपर्यंत त्याच्या भुंकण्याच्या भरवशावर हे घर निर्धास्त झोपत होते. चावा घेतल्याबरोबर तो बेवारस झाला.

यंदाच्या संपादकीयासाठी हा विषय निवडला तो या एका उत्तरामुळे. कुत्रा चावण्यापेक्षाही हे उत्तर घातक आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण वैद्यकीय आहे.

चावलेला कुत्रा पुढचे दहा दिवस डोळ्यांसमोर राहणे फार मोलाचे असते. रेबीज झालेला कुत्रा या दहा दिवसांत आजाराची लक्षणे दाखवतो आणि मरतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे कळते. उपचार मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. तिखट, चुना, हळद काहीही भरायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची आणि रक्त आले असेल तर जखमेत सिरमही घ्यायचे. पण कुत्रा दहा दिवस धडधाकट दिसला, तर पुढची सुई कमी करायची का, हे डॉक्टर ठरवू शकतात आणि घरच्यांच्या जिवाला लागलेला घोर सुटतो. कुत्रा धडधाकट आहे की नाही, हे सांगू शकणारा माणूस एकच, त्याचा मालक. तोच हात झटकतो. कुणी रातोरात कुत्र्याला दूरच्या वावरात नेऊन सोडतो, कुणी भीतीपोटी त्याला मारून पुरतो. मारलेल्या कुत्र्याबरोबर ती माहितीही पुरली जाते, आणि रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की औषध उरत नाही.

सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. वेचणीच्या सुरुवातीची सीतादही घालून झाली की बायका सकाळी सकाळी घराबाहेर पडतात, ऑटोत दाटीवाटीने बसून वावरात जातात. मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस ओटीत, तितके पैसे हातात. अशा बाईच्या पोटरीला कुणाच्या धुऱ्यावरच्या कुत्र्याने दात लावले तर तिचे काय होते? लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, हे खरे. पण पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावे लागते. त्या प्रत्येक दिवसाची रोजी बुडते. सिरम इथे मिळाले नाही तर चाळीसेक किलोमीटरवरचे यवतमाळ गाठायचे, सोबत घरचे माणूस न्यायचे, म्हणजे दोघांची रोजी. वेचणीच्या ऐन दिवसांत हा खाडा कोण भरून देणार? ज्याच्या वावराची राखण तो कुत्रा करत होता त्याने, असे कायद्याचे आणि न्यायाचे उत्तर आहे. प्रत्यक्षात मालक दवाखान्यापर्यंत सोबतही येत नाही. आला, तर गावात त्याचे नाव निघते, इतके ते दुर्मीळ आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते, की ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये हा दंड एक हजाराचा होता. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही चावऱ्या कुत्र्याला तोंडाला जाळी न बांधता रस्त्यावर सोडण्यास मनाई आहे. म्हणजे जवळपास पंचाहत्तर वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलेले आहे.

शिक्षाही झाल्या आहेत. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका ज्येष्ठ गृहस्थाला चावे घेतले. त्याच्या मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची कैद सुनावली गेली. वरळीत २०१८ मध्ये एका इमारतीच्या लिफ्टमध्ये पाळीव हस्की चावला. मालकाला २०२५ च्या मे महिन्यात चार महिन्यांची कैद झाली. एका प्रकरणाला तेरा वर्षे लागली, दुसऱ्याला सात. जखम भरून वण पुसट होईपर्यंत निकाल येत नाही, ही एक गोष्ट. दुसरी आपल्या अधिक कामाची: या दोन्ही ठिकाणी कुत्रा कोणाचा हा वादच नव्हता. महागडा, जातिवंत कुत्रा मालक मिरवतो, लपवत नाही. आपल्याकडे खटला उभा राहण्याआधीच या प्रश्नावर अडतो.

कुत्र्यांच्या जातींवरच्या बंदीचेही तसेच आहे. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. गोव्यात २०२४ मध्ये हणजुण्याला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला, आणि गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र जातींबद्दल विधेयक मंजूर केले. २०२५ च्याच जुलैमध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल तुटून पडला आणि मालक हसत राहिला, ते अनेकांनी मोबाइलवर पाहिले. त्या जबड्याची ताकद वेगळी असते, ते मला मान्य आहे. पण ब्रिटनने १९९१ मध्येच जातवार बंदी घातली होती, तरी २०२३ च्या अखेरीस त्यांना यादीत एक्सएल बुली ही आणखी एक जात घालावी लागली. यादीत एक नाव गेले की बेजबाबदार माणूस दुसरे जनावर आणतो. आणि दारव्ह्यात माणसाला चावणारा कुत्रा बहुतेकदा गावठी असतो. तो कुठल्याच यादीत येणार नाही.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न आपल्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने म्हटले, की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते दत्तक घ्यावेत, घरी न्यावेत, महापालिकेत नोंदवावेत. सर्वोच्च न्यायालयाने महिनाभरातच त्याला स्थगिती दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी कुत्री उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयात निघाला आणि अकरा दिवसांत तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली आणि आक्रमक तेवढी ठेवून घ्यावीत, असे ठरले. या धरसोडीत आपल्या गल्लीतल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. पोळी टाकणाऱ्याला कायद्याने मालक ठरवावे का, यावर मोठे वकील भांडोत. मला एवढेच वाटते, की ज्या कुत्र्याच्या राखणीचा फायदा आपण घेतो, त्याच्या दाताची जबाबदारीही आपलीच.

२०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, असे सरकारने संसदेत सांगितले. त्यात महाराष्ट्राचा आकडा पावणेपाच लाखांच्या वर, सगळ्या राज्यांत मोठा. एवढे चावे घेणारी जनावरे सगळीच वाईट होती का? आपल्या वावरात रात्री रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या मागे धावणारा कुत्रा जागलीला गेलेल्या माणसाइतकाच राबतो. धनगराची मेंढरे त्याच्यावरच सोपवलेली असतात. पण पिल्लू असल्यापासून हातभर साखळीला जखडलेला, उन्हात पाण्यावाचून ठेवलेला, येता-जाता पोरांच्या दगडांचा धनी झालेला कुत्रा माणसाकडे शत्रू म्हणूनच पाहतो. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणे हासुद्धा गुन्हा मानतो. पुष्कळ चाव्यांची सुरुवात या साखळीपाशी झालेली असते, हे चावलेल्या माणसाच्या बाजूने बोलतानाही विसरता येत नाही.

म्हणून आमची मागणी आपल्या नगरपरिषदेकडे आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडे आहे. पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवा. नोंद फुकट करा, नाहीतर गरीब माणूस फिरकणार नाही. नोंदीच्या दिवशीच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने रेबीजची सुई द्या आणि गळ्यात क्रमांकाचा बिल्ला घाला. बिल्ल्याचा कुत्रा चावला, तर मालकाने जखमीला दवाखान्यात न्यावे, बुडालेली रोजी भरून द्यावी आणि दहा दिवस कुत्रा दाखवावा. हे ठरावाने गावाला आधीच माहीत असावे, म्हणजे रस्त्यावर हातघाई होणार नाही. उरलेल्या, खरोखर बेवारस कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थेवरच सोपवलेले आहे. त्याचे अंदाजपत्रक किती, हे सभेत विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही एक तक्ता छापला आहे. त्यात कुत्र्याचे नाव, रंग, वय, राखणारे घर, शेवटच्या सुईची तारीख आणि सही एवढेच रकाने आहेत. ज्यांच्या अंगणात कुत्रा झोपतो त्यांनी तो भरून, कापून आमच्या कार्यालयात द्यावा. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी जमलेले सगळे कागद घेऊन आम्ही मुख्याधिकाऱ्यांना भेटणार आहोत. सोबत यायचे असेल त्यांनी सकाळी अकराला नगरपरिषदेच्या दारात यावे.