ओळखीचा खेळ

पर्युषणात बाहेरगावी गेलेली मुले महाडला घरी परततात. पोलादपूरकडील कुटुंबेही येतात. व्याख्यान संपल्यावर सारे एकाच सभागृहात असतात. परंतु गावातील मुले एका भिंतीशी, मुंबई-पुण्याची दुसऱ्या भिंतीशी, आणि नव्याने आलेली सून एकटीच मोबाईल पाहत बसलेली. स्वामिवात्सल्याच्या पंगतीतही शेजारच्या पानावरील तरुणाचे नाव ठाऊक नसते. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. अशा रात्री कोणाच्या माडीवर माल चढवावा, कोणास हाक मारावी, हे ओळखीवरच ठरते.

ओळख व्हावी म्हणून आयोजक खेळ ठेवतात, पण निवड बहुधा चुकते. प्रश्नमंचात पाठशाळेची तीच चार मुले उत्तरे देतात आणि लाजाळू मुले अधिकच मागे सरकतात. पैसे लावून हौजी खेळविली, तर सप्त व्यसनांतील द्यूतालाच मानाने आत बोलावल्यासारखे होते. धावण्याचे खेळ उपवास-आयंबिल करणाऱ्यास झेपत नाहीत; शिवाय ओल्या, हिरव्या मैदानावर पळणे चातुर्मासाच्या जयणेत बसत नाही.

ख्रिस्ती युवकांसाठी १८४४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या वायएमसीएपुढेही अशीच अडचण होती. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, तेव्हा अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या तिच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नैस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल रचला. त्यातील दमछाक प्रौढ व्यापारी मंडळींना सोसेना, म्हणून विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये व्हॉलीबॉल काढला. समोरची माणसे आणि हाताशी असलेली जागा पाहून त्यांनी खेळ ठरविला.

आपल्याकडे ज्ञानबाजी आहेच. ८४ घरांचे तिचे जुने पट आजही पाहावयास मिळतात. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर सिद्धशिला. दान कवड्यांचे असल्याने सूत्रे मुखोद्गत असलेला आणि नवखा एकाच पातळीवर येतात. (पैज नसेल तर कवड्या म्हणजे जुगार नव्हे, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे.) साप लागला की सोंगटी खाली येते, आणि शेजारी हसतो, बोलणे तेथूनच सुरू होते. मोठा पट कापडावर रंगवून जमिनीवर अंथरला, तर चौघा-चौघांचे गट करता येतात. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, नाहीतर चुलतभाऊ पुन्हा एकत्र बसतात.

त्याआधी आणखी एक खेळ घ्यावा. प्रत्येकाने दुकानातील एक लहान वस्तू आणावी: कापडवाल्याने बटण, हार्डवेअरवाल्याने नट-बोल्ट, सराफाने कसोटीचा दगड, किराणावाल्याने जुने वजन. सर्व वस्तू परातीत ठेवाव्यात. प्रत्येकाने दुसऱ्याची एक उचलून तिचा मालक शोधावा, त्याच्याशी पाच मिनिटे बोलावे आणि मग सभेला त्याची ओळख करून द्यावी. स्वतःविषयी बोलणे ज्यास अवघड जाते, त्याचे काम दुसरा करतो. उलाढाल, परीक्षेचे गुण आणि लग्न या तीन विषयांवर प्रश्न नकोत. नोकरीवाल्या घरातील मुलाने कार्यालयाचे ओळखपत्र आणावे. फोटोमुळे तो लगेच सापडेल, एवढेच.

हे सर्व दुपारीच उरकावे, म्हणजे चौविहारापूर्वी पोलादपूरची मंडळी घरी पोहोचतील. वस्तू मात्र मोजून परत कराव्यात. कसोटीचा दगड हरवला तर ओळख फारच लांबते.