ज्याची गुंडी त्याला लावता यावी

गेल्या नोव्हेंबरात बाबा आमच्याकडे एडिंबराला आले. ते सांगलीहून निघायच्या आधीच आईनं फोनवर बजावलं होतं, "त्यांना गारठा सोसत नाही रे, जाड काहीतरी घेऊन ठेव." मी चांगलं हलकं, उबदार, चेनचं जाकीट आणून ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो.

पहिल्या सकाळी फिरायला निघालो, तर बाबा दाराशीच अडले. चेनचं एक टोक दुसऱ्यात बसेना. संधिवातानं त्यांची बोटं सकाळी आखडलेली असतात. "थांबा बाबा, मी लावतो," म्हणून मी चेन ओढली. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज राहू दे." तिसऱ्या दिवशीही तेच. चाळीस वर्षं फिरणं न चुकवलेला माणूस!

चौथ्या दिवशी मी उठून बघतो तर बाबा तयार. अंगात माझा जुना डफल कोट! शिकत असताना चॅरिटी शॉपमधून घेतलेला, मातकट रंगाचा, घोंगडीसारखा जाड. त्याला बटणं-काजं नाहीत. बोटभर लांबीच्या लाकडी गुंड्या आणि दोरीचे मोठे फासे. चारही गुंड्या बाबांनी स्वतः लावल्या होत्या.

आता या कोटाची गंमत बघा. डफल हे नाव बेल्जियममधल्या डफेल गावावरून आलं. तिथलं जाडंभरडं लोकरी कापड प्रसिद्ध होतं. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश नौदलातल्या लोकांनी हा कोट वापरला. डेकवरच्या थंडीत हातमोजे काढायची सोय नाही, म्हणून मोज्यांसकट धरता येतील अशा गुंड्या. टोपीवरून ओढता यावं म्हणून डोकं झाकणारं मोठं हूड. युद्धानंतर उरलेले कोट स्वस्तात विकले गेले आणि 1950 च्या दशकात ते विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसू लागले.

म्हणजे हा कोट म्हाताऱ्यांसाठी केलेलाच नव्हता. तो धडधाकट तरुण खलाशांसाठी होता. फक्त, करणाऱ्यानं हे गृहीत धरलं होतं की थंडीत कुणाचीही बोटं चालेनाशी होतात. आपण मात्र चेन लागली नाही की म्हणतो, "बाबा थकले आता." माझं स्पष्ट मत आहे, चूक बाबांच्या बोटांची नाही, चेनची आहे. आणि ती न बघता घेणाऱ्या माझी.

डफल कोटाचे दोषही आहेत. तो जड आहे, आणि भिजला की आणखी जड होतो. पावसात माझं जाकीटच बरं. पण बाबांनी उरलेला महिनाभर कोटच वापरला. आईला फोनवर सांगत होते, "ओझं आहे गं, पण माझं मला घालता येतं."

घरातल्या मोठ्यांसाठी कपडे घेताना आपण ऊब बघतो, रंग बघतो, किंमत बघतो. मी आता आणखी एक बघतो. दुकानातच जाड हातमोजे घालून तो कपडा बंद करून पाहतो. दुकानदार बघत राहतात. असो, बघू देत!