गौरव पदाचा की सेवेचा?
कोकणात स्थिरावलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक ज्यू समाजासाठी, म्हणजेच बेने इस्रायलींसाठी, हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली आणि १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेल्यावर तिचे वर्ग इतर धर्मांच्या मुलांनी भरले.

ही शाळा ज्या ज्यू समाजासाठी सुरू झाली, त्याच्या परंपरेत दानाला ‘त्झेदाका’ म्हणतात. या हिब्रू शब्दाचे मूळ न्यायवाचक असल्याने गरजूला केलेली मदत ही कृपा नव्हे, तर कर्तव्य ठरते. समाजसेवा आणि सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा काही ज्यू शाळा जो गौरव करतात, तो याच विचाराशी सुसंगत आहे.

परभणी जिल्ह्यात सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील शाळांच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांनीही गौरवासाठी सेवेचा हा निकष स्वीकारावा. अधिकारी वा डॉक्टर झालेल्यांच्या बरोबरीने, ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण सुटू नये म्हणून राबणाऱ्यांनाही व्यासपीठावर मानाने बसवावे. कारण शाळा कोणाच्या गळ्यात हार घालते, यावरूनच तेथील मुले मोठेपणाचा अर्थ ठरवत असतात.